संगणकाच्या किल्ल्या कोणाकडे?

दुकान म्हटले की कुलूप आले आणि कुलूप म्हटले की किल्ल्या आल्या. शटरची एक किल्ली मालकाच्या खिशात असते, दुसरी घरात, बहुधा अम्मीच्या कपाटात. मालक प्रवासाला गेला किंवा आजारी पडला तरी दुकान उघडते. पण हल्ली दुकानाची अर्धी मालमत्ता संगणकाच्या आत असते. कोणाकडून किती येणे, कोणाला किती देणे, कोणाची ऑर्डर कुठवर आली, जीएसटीचे कोणते विवरणपत्र भरले, सगळे तिथे. त्या कपाटाची दुसरी किल्ली घरात आहे का? ओळखीच्या बऱ्याच घरांत मी हा प्रश्न विचारून पाहिला. उत्तर बहुतेक एकच मिळाले, “ते सगळं त्या कॉम्प्युटरवाल्या पोराला माहीत.”

म्हणून या वेळच्या सदरात दुकानासाठी सॉफ्टवेअर विकत घेणे, बसवून घेणे आणि सांभाळणे हा विषय घेतला आहे. विषय दुकानातल्या पुरुषांचा वाटेल, पण तसा तो नाही. आज कितीतरी घरांत बी.कॉम. झालेल्या मुली आणि सुना दुकानाचे हिशेब घरी बसून करतात. शिवाय प्रसंग आला की निस्तरावे लागते ते घरालाच.

माझ्या खालाच्या घरचे उदाहरण सांगते. तालुक्याच्या गावी खालूंचे लग्नपत्रिका आणि छपाईचे दुकान होते. उर्दू, मराठी, हिंदी अशा तिन्ही भाषांत कार्डे बनत. तीन संगणक, एक रंगीत प्रिंटर, दोन कामगार. बिले आणि उधारी यांसाठी एक सॉफ्टवेअर घेतलेले. शाबानमध्ये खालू अचानक गेले. ईदनंतरच्या लग्नांच्या ऑर्डरी आल्या होत्या, लोकांचा ॲडव्हान्स घेतलेला होता, कागदवाल्याची उधारी बाकी होती. मय्यतीचे कर्ज आधी फेडायचे आणि वारसांचा हिस्सा नंतर, हे आपल्याकडे सर्वांना माहीत आहे. पण कर्ज किती, हेच कळेना. सॉफ्टवेअर उघडायला ओटीपी लागे आणि तो जाई सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्या मुलाच्या मोबाइलवर. तो मुलगा दीड वर्षापूर्वी कुवेतला गेलेला, इथला नंबर बंद. पोरगा भला. व्हॉट्सॲपवर सापडला, मदतीला तयार झाला. पण नोंदणी ज्या ई-मेलवर होती त्याचा पासवर्ड त्यालाच आठवेना. कंपनीने खरेदीचे बिल मागितले, तर बिल दुकानाच्या नावावर नव्हतेच.

माझी खालाजाद बहीण फोनवर म्हणाली, “बाजी, अब्बांनी पैसे पूर्ण मोजले होते. मग ही वस्तू आपली का नाही?”

खाला इद्दतीत होती, त्यामुळे बिलबुके घरी आणली. कार्बनच्या प्रती, लोकांच्या हातातल्या पावत्या, खालूंच्या डायरीतल्या खुणा यांवरून मायलेकींनी देण्याघेण्याची यादी नव्याने तयार केली. दीड महिना लागला. काही गिऱ्हाईक स्वतःहून येऊन “आमच्याकडे इतके बाकी आहे” असे सांगून गेले. कागदवाल्याने सांगितलेला आकडा विश्वासावर मान्य केला. सगळे मिटले, तरी कोणाचे आपल्याकडे राहून गेले नाही ना, ही टोचणी खालाला आजही आहे.

पैसे दिले, पण वस्तू कोणाची?

बहिणीच्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. सॉफ्टवेअर विकत घेणे म्हणजे शिलाई मशीन घेणे नव्हे. मशीन घरी आले की ते आपले झाले. सॉफ्टवेअरचा मात्र आपण वापरण्याचा परवाना घेतो, म्हणजे लायसन्स. ते भाडेकरारासारखे समजा. करार कोणाच्या नावावर, किती खोल्यांचा आणि किती मुदतीचा, हे पाहिल्याशिवाय कोणी घरात सामान हलवत नाही. इथेही तेच तीन प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न नावाचा. नोंदणी दुकानाच्या ई-मेलवर आणि घरातल्या माणसाच्या मोबाइलवर हवी. दुकानासाठी वेगळा ई-मेल काढायला पैसे पडत नाहीत. बिल दुकानाच्या नावाचे घ्या आणि दुकानाचा जीएसटी नंबर असल्यास तो त्यावर लिहून घ्या. सॉफ्टवेअरवर १८ टक्के जीएसटी लागतो. ज्यांची नोंदणी नेहमीच्या पद्धतीची आहे त्यांना धंद्यासाठी घेतलेल्या सॉफ्टवेअरवरचा हा कर आपल्या करातून वजा करता येतो, पण त्यासाठी बिल आपल्याच नावाचे लागते. कंपोझिशन योजनेत असलेल्यांना ही वजावट मिळत नाही.

दुसरा प्रश्न संगणक किती, हा. एका संगणकावर चालणारा परवाना आणि दुकानातल्या सगळ्या संगणकांवर एकत्र चालणारा परवाना वेगवेगळे असतात. टॅलीत एकाला सिल्व्हर म्हणतात, दुसऱ्याला गोल्ड. काउंटर एकच असेल तर मोठा परवाना घेण्याचे कारण नाही. विंडोजचेही नीट पाहा. नव्या संगणकाबरोबर कंपनीने भरून दिलेले विंडोज सहसा त्याच यंत्रापुरते असते. ते यंत्र भंगारात गेले की परवानाही गेला.

तिसरा प्रश्न मुदतीचा. परवाना कायमचा आहे की दरवर्षी पैसे भरायचे आहेत? कायमचा म्हणून घेतलेल्यातही पुढच्या सुधारणा आणि फोनवरची मदत यांसाठी वार्षिक वर्गणी असू शकते. ती आधीच विचारून घ्या आणि दुकानाच्या भाड्यासारखी वर्षाच्या खर्चात धरा. त्याहून मोठा प्रश्न असा : एखाद्या वर्षी पैसे भरले नाहीत तर जुन्या नोंदी निदान वाचता येतील का? एक्सेल किंवा पीडीएफ करून बाहेर काढता येतील का? जीएसटी कायद्यानुसार हिशेब आणि कागदपत्रे त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने, म्हणजे सहा वर्षे, जपावी लागतात. सॉफ्टवेअरची मुदत वर्षाची आणि आपली जबाबदारी सहा वर्षांची, हे ध्यानात ठेवून उत्तर घ्या. विकणाऱ्याला हे नीट सांगता येत नसेल तर घाई करू नका.

आणि मुळात गरज आहे का, हेही पाहा. दिवसाला दहा-पंधरा बिले करणाऱ्या, नोंदणीची गरज नसलेल्या दुकानाचे काम चांगल्या वहीवर नीट चालते. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाख रुपयांच्या पुढे गेल्यावर आणि सेवा देणाऱ्याला २० लाखांच्या पुढे गेल्यावर जीएसटी नोंदणी साधारणपणे घ्यावी लागते. शेजारच्याने घेतले म्हणून आपणही घ्यायचे, असे नको. आपल्या कोणत्या त्रासासाठी सॉफ्टवेअर हवे आहे ते एका कागदावर लिहा. उधारी विसरली जाते, स्टॉक जुळत नाही, विवरणपत्राला उशीर होतो, यांपैकी काय? विक्रेत्याकडून त्याच कामाचे प्रात्यक्षिक बघा. बाकीच्या चाळीस सोयी बघण्यात वेळ घालवू नका.

क्रॅकचा हिशेब

आता थोडे अवघड बोलायचे आहे. आपल्या भागातल्या दुकानांमधून किती सॉफ्टवेअर विकत घेतलेले आणि किती “टाकून घेतलेले”? टाकून घेतलेले म्हणजे क्रॅक. तीनशे-चारशे रुपयांत मुलगा येतो, पेनड्राइव्ह लावतो, आधी अँटीव्हायरस बंद करतो आणि सगळे चालू करून देतो.

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्रॅम पुस्तकासारखाच साहित्यकृती मानला आहे. त्याच्या कलम ६३ ब प्रमाणे चोरीची प्रत आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरणाऱ्याला कमीत कमी सात दिवस आणि जास्तीत जास्त तीन वर्षे कैद, शिवाय ५० हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. स्वतःच्या घरगुती, बिनधंद्याच्या वापराला न्यायालय सवलत देऊ शकते, धंद्यासाठी वापरणाऱ्याला ती सवलत नाही. म्हणजे “मी बनवले नाही, फक्त वापरले” हे उत्तर दुकानदाराच्या कामाचे नाही.

कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी तो बंद केलेला अँटीव्हायरस विसरू नका. ज्याने कुलूप तोडून सॉफ्टवेअर फुकट वाटले त्याने सोबत आणखी काय आत घातले, हे आपल्याला दिसत नाही. सगळ्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारे व्हायरस अशाच वाटेने येतात. अशा प्रतीला कंपनीची मदत नाही, बऱ्याचदा नव्या सुधारणाही नाहीत. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले, तेव्हा परवाना असलेल्या दुकानदाराला निदान फोन करून विचारण्याची जागा होती.

आणि हकाची गोष्ट आहेच. उर्दूच्या छपाईचेच पाहा. नस्तालीक लिपीत अक्षरे एकमेकांवर झुकत, वरून खाली उतरत जोडली जातात, म्हणून छापखान्याच्या खिळ्यांत ती बसेना. उर्दू वर्तमानपत्रेसुद्धा कातिबांकडून हाताने लिहून घेत. अहमद मिर्झा जमील यांनी हजारो जोडाक्षरे हाताने लिहून १९८१ मध्ये नूरी नस्तालीक संगणकीय छपाईसाठी तयार केले. पुढे १९९४ मध्ये दिल्लीच्या एका कंपनीने इनपेज बाजारात आणले आणि साध्या संगणकावर उर्दू पाने जुळू लागली. आज आपल्या गल्लीतल्या छोट्या दुकानात उर्दू कार्ड तासाभरात तयार होते, ते या मेहनतीमुळे. ज्या कार्डावर सर्वांत वर अल्लाहचे नाव छापायचे ते दुसऱ्याची मेहनत न विचारता उचलून तयार करावे, हे पटते का? निकाल सांगणे हे माझे काम नाही, ते आलिमांना विचारावे. पण प्रश्न स्वतःला विचारायला हरकत नाही.

“महाग आहे हो, परवडत नाही,” असे म्हणणारा दुकानदार खोटे बोलत नसतो. त्याच्यासाठी दुसरी वाट आहे. पत्रे, यादी, साधा हिशेब यांसाठी लिब्रेऑफिस कायदेशीररीत्या फुकट मिळते. चित्रांसाठी इंकस्केप आणि जिम्प, पुस्तकांची पाने लावायला स्क्रायबस आहे. उर्दूसाठी नोटो नस्तालीक उर्दू आणि मराठीसाठी मुक्त यांसारखे मोकळ्या परवान्याचे युनिकोड फाँट आहेत. हात बसायला वेळ लागतो, हे खरे. ज्या कामाला महागडे सॉफ्टवेअर लागतेच, तेवढ्यासाठी एका संगणकाचा परवाना घ्यावा आणि बाकीच्या संगणकांवर फुकटचे चालवावे. बहिणीने दुकान पुन्हा सुरू केले तेव्हा तिने हेच केले. तीनपैकी एका संगणकावर विकतचा परवाना आहे. प्लेट बनवणाऱ्याकडे ती पीडीएफ पाठवते, त्यामुळे मूळ फाइल कशात केली हा प्रश्न उरत नाही.

युनिकोडचा आग्रह आणखी एका कारणाने धरा. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर गेला की त्याची अगम्य चिन्हे होतात. खालूंच्या पंचवीस वर्षांच्या कामापैकी बरेचसे तसेच अडकून पडले आहे. युनिकोडमध्ये केलेले काम सॉफ्टवेअर बदलले तरी वाचता येते.

बसवण्याचा दिवस

नवे सॉफ्टवेअर बसवायला दिवस निवडावा लागतो. रमजानचा शेवटचा आठवडा, लग्नसराई आणि मार्चअखेर टाळा. वर्षाच्या हिशेबाचे सॉफ्टवेअर असेल तर एक एप्रिलपासून सुरू करणे सर्वांत सोपे, पण तयारी फेब्रुवारीत करा.

संगणकाला हात लावण्याआधी जुन्या सगळ्या फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून घ्या. मग विंडोज कोणते आहे ते पाहा. विंडोज १० ला नेहमीच्या मोफत सुरक्षा सुधारणा देणे मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवले आणि बरेच जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. संगणक बदलावाच लागणार असेल तर आधी तो बदला. जुन्यावर परवाना चढवून महिन्याभराने पुन्हा हलवण्यात दोनदा मजुरी जाते.

सॉफ्टवेअर बसवणारा आला की घरातले किंवा दुकानातले एक माणूस शेजारी बसून पाहील, असे ठरवा. तो ई-मेल टाकायला सांगेल तेव्हा दुकानाचा टाका. “तात्पुरता माझा टाकतो, नंतर बदलू,” याला हसून नाही म्हणा. खालूंच्या दुकानात तो नंतर कधी उजाडलाच नाही. मालकाचा पासवर्ड वेगळा, कामगाराचा वेगळा ठेवा. कामगाराला बिल करता यावे, पण जुने बिल पुसता येऊ नये, एवढी सोय बहुतेक बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये असते. दुरून आपला संगणक चालवण्याचे ॲप मदतीपुरते उघडा आणि काम संपल्यावर बंद करा. ते कायम उघडे ठेवणे म्हणजे रात्री शटर अर्धे वर ठेवून घरी जाणे.

पहिला महिना जुनी वही आणि नवे सॉफ्टवेअर दोन्ही चालवा. रोज संध्याकाळी दोन्हींची बेरीज ताडून पाहा. त्रासाचे काम आहे, पण चूक सापडते ती याच महिन्यात. मागची उधारी संगणकात भरताना प्रत्येक गिऱ्हाइकाला बाकी सांगून तिची खात्री करून घ्या. आणि शिकवणी दोघांना द्या. एकालाच येत असेल तर तो रजेवर गेल्यावर दुकान बंद पडल्यासारखेच.

दर आठवड्याला नोंदींची प्रत काढा. एक प्रत घरी, एक इंटरनेटवरच्या दुकानाच्या खात्यात. त्याच संगणकाच्या दुसऱ्या ड्राइव्हमध्ये ठेवलेली प्रत ही प्रत नव्हे, कारण डिस्क गेली की दोन्ही जातात. तीन महिन्यांतून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. न उघडून पाहिलेल्या प्रतीचा भरवसा धरू नका.

या महिन्याचे काम

शाळेत आमच्याकडे जडवस्तू संग्रह नोंदवही असते. बाके किती, घंटा कधी घेतली, नकाशा कोणत्या कपाटात, सगळे तिच्यात लिहिलेले. मुख्याध्यापक बदलले तरी वही बदलत नाही, नवे साहेब तिच्यावरून एकेक वस्तू मोजून ताब्यात घेतात. आपल्या दुकानाच्या संगणकासाठी अशीच एक वही करा. शंभर पानांची पुरे. एका सॉफ्टवेअरला एक पान द्या. त्यावर लिहायचे : सॉफ्टवेअरचे नाव, कोणत्या संगणकावर आहे, कोणत्या तारखेला आणि कोणाकडून घेतले, बिल कुठे ठेवले, परवान्याचा क्रमांक, नोंदणीचा ई-मेल आणि मोबाइल, मुदत कधी संपते, वर्षाला किती भरायचे, अडचण आली तर फोन कोणाला करायचा. क्रॅकचे असेल तर तेही खरे लिहा आणि पुढे लिहा की त्याच्याऐवजी काय आणणार आणि कधीपर्यंत. सगळे एका महिन्यात बदलणार नाही. एकेक करून बदला.

पासवर्ड या वहीत लिहू नका, कारण ती दुकानात चार लोकांच्या हाताखालून जाते. पासवर्ड वेगळ्या कागदावर लिहून पाकिटात बंद करा आणि जिथे घराची कागदपत्रे असतात तिथे ठेवा. पासवर्ड बदलला की कागद बदला. पाकीट कुठे आहे हे घरातल्या दोन माणसांना माहीत हवे आणि त्यांतली एक बाई असावी असे मी आग्रहाने सांगेन. कमावता माणूस नसेल तेव्हा लोक दारात येतात ते तिच्या.

घरच्या पुरुषांशी हे बोलणे अवघड वाटते, याची मला कल्पना आहे. “माझ्या मरणाची तयारी करतेस का?” असे कोणी थट्टेने म्हणेल, कोणी रागानेही म्हणेल. त्यांना सांगा की व्यवहार लिहून ठेवायची ताकीद आपल्याला आहेच. कुरआनमधली सर्वांत लांब आयत, सूरह बकरातली, उधारीचा व्यवहार लिहिण्याविषयीच आहे. लिहिलेले वेळेला सापडणे हेही त्यातच आले. एखाद्या जुम्याला दुपारच्या जेवणानंतर अर्धा तास बसा, वही उघडा आणि पहिले पान बिलिंगच्या सॉफ्टवेअरचे लिहा. “नोंदणीचा मोबाइल” या ओळीपुढे बाहेरच्या कोणाचा नंबर लिहावा लागला, तर त्या माणसाला त्याच दिवशी फोन लावून तो बदलून घ्या. आज तो इथे आहे, फोन उचलतो आहे, तोवर हे काम दहा मिनिटांचे आहे.